वेरूळ-अजिंठा, सोबत ४ आणि ८ वर्षांची पोरं आणि आजी: जमेल का?

मधुरा_कोथरूड
नमस्कार मंडळी,
भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढायची आणि वेरूळ-अजिंठा करून यायचं, असं घरात घाटतंय. मी आणि थोरला एका पक्षात, नवरा तळ्यात-मळ्यात, आणि सासूबाई घृष्णेश्वराचं नाव निघाल्यापासून बॅग भरून बसल्यात. थोरला आठ वर्षांचा आहे. हत्ती, तोफ, राक्षस यांपैकी काहीही असलं की गडी खूश. धाकटी चारची. चालते छान, पण पन्नास पावलं झाली की हात वर करून उभी राहते. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे कुरकुरतात.
दोन्ही लेणी पोरांना झेपतील का? मुक्काम छत्रपती संभाजीनगर शहरात करावा की वेरूळलाच? आणि दिवाळीत नगर रस्ता कितपत तुंबतो? "वाटेत शिर्डी पण करून घ्या" सोडून सगळे सल्ले चालतील.

डोंगरदादा
आधी कॅलेंडर बघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. एवढ्या लांब जाऊन फाटकाला हात लावून परत फिरणारी कुटुंबं प्रत्येक सुट्टीत दिसतात. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असं बसवता आलं तर फारच उत्तम.

संभाजीनगरकर
दादा, कागदावर उत्तम. पण सोमवारी अजिंठा बंद म्हणून सहलीच्या सगळ्या बसगाड्या वेरूळकडे वळतात, आणि सोमवार महादेवाचा, त्यामुळे घृष्णेश्वराची रांग पार बाहेरपर्यंत. आजी सोबत आहेत तर सोमवार टाळाच. बुधवार-गुरुवार बघा.

मधुराताई, रस्त्याचं सांगतो. पुण्याची खरी परीक्षा वाघोली ते शिक्रापूर. पहाटे पाचच्या आत वाघोली मागे टाकली तर पुढे शिरूर, सुपा, नगर बायपास सगळं सुरळीत. आठला निघालात तर कोरेगाव भीमालाच पोरं "आलं का?" विचारायला लागतील. नगरच्या पुढे घोडेगाव, नेवासा फाटा आणि मग प्रवरासंगम. इथे गोदावरीचा पूल लागतो. पुलाजवळ टोक्याला नदीकाठी सिद्धेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, गर्दी नसते, पोरांना पाय मोकळे करायला झकास जागा. जेवण उरकायचं तर नगरलाच उरका, पुढे वाळूजपर्यंत बायकांना जाण्यासारखं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री मी देणार नाही.

मुक्काम दोन्हीकडे होतो. शहरातून वेरूळ साधारण ३० किलोमीटर, अजिंठा लेणी १०० च्या आसपास आणि वेगळ्याच दिशेला. म्हणून एका दिवसात दोन्ही हा विचार मनातून काढून टाका. टॅक्सीवाले "करून देतो" म्हणतात. करूनही देतात, पण मग पोरांना लेण्यांपेक्षा गाडीच्या सीटची पाठच जास्त लक्षात राहते.

आणि एक. नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादला आलात की वेरूळचा रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाज्यातून जातो. एकावेळी एकच गाडी मावते. सुट्टीत तिथे अर्धा-पाऊण तास सहज जातो. गाडीत खाऊ वरच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको.

तिरफळ
सगळे उत्साहाने सांगतायत म्हणून थोडं पाणी टाकते. चार वर्षांच्या मुलीला अजिंठा कशाला? आत अंधार, चित्रं पुसट, बोलू नका, हात लावू नका, पळू नका. तिच्यासाठी ती शिक्षाच. पुण्याच्या माणसाने सव्वादोनशे किलोमीटर जाण्याआधी मळवलीला उतरून भाजे करावं. दुसऱ्या शतकातलं, तेही इसवी सनापूर्वीच्या, आणि पायऱ्या चढल्या की समोर उघडं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. किंवा कार्ले. देशातलं सगळ्यात मोठं दगडात कोरलेलं चैत्यगृह आहे ते, सुमारे ४५ मीटर खोल, वर कमानीला मूळचं लाकूड अजून शाबूत. सासूबाईंना एकवीरेचं दर्शनही होईल. संध्याकाळी घरी, आपल्या पलंगावर. मुलं दहा-बाराची झाली की जा अजिंठ्याला.

लेणीवेडा
तिरफळ, भाजे-कार्ल्याबद्दल दुमत नाही. पण "मोठी झाली की" हे काही पटत नाही. मोठी झाली की क्लास असतात, मग दहावी असते, मग ती मित्रांबरोबर जातात आणि फोटो काढून परत येतात. लहान मुलाला शतक, राजवट, शैली यांतलं काही कळत नाही हे खरं, पण त्याची नजर आपल्यापेक्षा खाली असते, आणि लेण्यांतली निम्मी गंमत गुडघ्याच्या उंचीवरच कोरलेली आहे.

मधुरा, वेरूळला एकूण ३४ लेणी क्रमांकाने मोजतात: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. मुलांसोबत मी सांगेन ती चारच. १६, १०, १२, आणि जमलं तर ३२.

१६ म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. मुलाला आत नेण्याआधी बाहेर उभं करून एवढंच सांगा की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली खोदत आणून आतून मोकळं केलंय. पाया शेवटी आणि कळस आधी. दोन लाख टन दगड बाहेर काढला असा अंदाज सांगतात. यावर थोरला विचारणारच, की वरून का? तर त्यावर कोकस शिल्पीची दंतकथा आहे. राजा दुखण्यातून उठावा म्हणून राणीने नवस केला की देवळाचं शिखर डोळ्यांनी बघेन तेव्हाच अन्न घेईन. सगळे कारागीर म्हणाले, शिखर दिसायला वर्षं लागतील. पैठणचा कोकस म्हणाला, मी शिखरापासूनच सुरुवात करतो. दंतकथाच ती, पण आठ वर्षांच्या पोराला यापेक्षा चोख उत्तर मिळणार नाही.

आत गेल्यावर उजव्या हाताच्या बाजूला रामायण ओळीओळीने कोरलंय, डाव्या बाजूला महाभारत. त्याला वानरसेना सेतू कुठे बांधतेय ते शोधायला लावा. देवळाच्या जोत्याला हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ त्यांच्याच पाठीवर उभं असल्यासारखं. आणि दक्षिण अंगाला खाली रावण कैलास हलवतोय. वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला धरून, एक दासी चक्क पळत सुटलीय, आणि शंकर मात्र निवांत. मुलांना तो दाखवताना मान वर करायला सांगू नका, आधी खाली रावणाची डोकी मोजू द्या. वरचं त्यांचं त्यांना सापडतं.

१० नंबर म्हणजे विश्वकर्मा, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत. तिथे मुलांना हळू आवाजात काहीतरी म्हणू द्या, आवाज कसा भरून येतो ते बघा. ओरडू देऊ नका. बाकीच्यांना त्रास तर होतोच, शिवाय रखवालदार आधी आई-बापाकडे बघतात.

अनूची_आई
लेणीवेडा यांनी रावण-कोकस सांगितले, मी खालच्या दर्जाचं सांगते. शी-शू.
वेरूळला तिकीटघराच्या आवारात सोय आहे, पण एकदा लेण्यांच्या ओळीत शिरलात की परत यावं लागतं, आणि लहान मुलांना जायचं असतं ते नेमकं सगळ्यात लांबच्या लेण्यात. म्हणून आत शिरण्याआधी "येत नाहीये" म्हटलं तरी न्यायचं.
बाबागाडी अजिबात नको, पायऱ्याच पायऱ्या. धाकटीसाठी पाठीवर बांधायची झोळी किंवा आपली साधी ओढणी बरी.
अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट काढून जावं लागतं. मुलांना लेसचे बूट घालू नका, दर लेण्याबाहेर तुम्हीच वाकून बसाल. दुपारी दगड तापतो तेव्हा जाड मोजे कामाला येतात.
अंधारात शिरायच्या आधी बाहेर सावलीत मिनिटभर डोळे मिटायला लावा. मग आत गेल्यावर चित्रं लगेच दिसायला लागतात. आमच्या मुलीला हा खेळच वाटायचा, "आता उघडू?" करत जायची.
आणि माकडं! दोन्हीकडे वानरं आहेत. चिवड्याची पिशवी हातात दिसली की संपलं. दिवाळीचा फराळ गाडीतच.

पक्या_ठाणे
आम्ही मुंबईकडून. समृद्धीने यायचं तर कुठे उतरायचं?

संभाजीनगरकर
पक्याभाऊ, वेरूळ-दौलताबादला माळीवाडा, आणि अजिंठ्याला थेट जायचं तर सावंगी. म्हणजे शहरात शिरायची गरजच नाही. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून तुम्हा ठाणेकरांची चंगळ आहे. फक्त टाकी भरून आणि पोरांना मोकळं करूनच चढा, समृद्धीवर मनात आलं आणि थांबलो असं होत नाही. आणि कारला १२० ची मर्यादा म्हणजे १२० नेच मारली पाहिजे असं नाही. तो सरळसोट सिमेंटचा रस्ता टायरचा आणि झोपेचा, दोन्हीचा कस बघतो.

तिरफळ
बरं, हरले. पण मग गाइड घेऊ नका. मुलांसोबत गाइड म्हणजे डोकेदुखी. तो त्याची पाठ केलेली कॅसेट लावतो, मुलं इकडे जिन्यावर, आणि आपण मधल्यामध्ये मान डोलवतोय.

डोंगरदादा
उलट अनुभव. मान्यताप्राप्त गाइड घ्या, फक्त आधी स्पष्ट सांगा, की तास-दीड तास, गोष्टी सांगा, सनावळी नको. त्यांनाही बरं वाटतं. रोज तेच तेच सांगून तेही कंटाळलेले असतात. आमच्या गाइडने अजिंठ्याला १० नंबरमध्ये खांबावर जॉन स्मिथने कोरलेलं नाव दाखवलं. मद्रास लष्करातला तो साहेब, २८ एप्रिल १८१९ ला शिकारीच्या नादात या दरीशी आला आणि त्याला झाडीतून लेण्याची कमान दिसली. गंमत म्हणजे ते नाव आज उभ्या माणसाच्या नजरेच्या बरंच वर आहे, कारण तेव्हा लेणं मातीने आणि दगडांनी भरलेलं होतं आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. माझ्या पुतण्याने त्यावर लगेच विचारलं, "त्याला दंड झाला का?" गाइडला हसू आवरेना.

लेणीवेडा
पुतण्याला शाबासकी द्या. त्या १० नंबरची चित्रं इसवी सनापूर्वीची, अजिंठ्यातली सगळ्यात जुनी. पुढच्या लोकांनीही स्मिथसाहेबाचाच कित्ता गिरवला, म्हणून तर आज चित्रांवर काचा आहेत.

मधुरा_कोथरूड
बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. ठरलं, जातोय. एक दिवस दौलताबाद-वेरूळ नाही, नुसतं वेरूळ. एक दिवस अजिंठा. परतीच्या दिवशी सकाळी दौलताबाद, तेही वेळ उरला तर. सासूबाईंना अजिंठा झेपेल का एवढं सांगा कोणीतरी.

संभाजीनगरकर
अजिंठ्याला तुमची गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवावी लागते. तिथून पुढचे चारेक किलोमीटर महामंडळाची बस. बसमधून उतरल्यावर सुरुवातीलाच चांगला पायऱ्यांचा चढ आहे, तोच काय तो जड. वर गेलं की वाघोरा नदीच्या वळणाला धरून लेणी ओळीने आहेत, तिथे चालायला बरं आहे, मधेमधे चार-सहा पायऱ्या. आजींना डोलीत बसवा. चार माणसं खुर्ची उचलून नेतात. दर खाली ठरवा, थांबण्याच्या वेळेसकट ठरवा, आणि पोरांना त्या खुर्चीत बसायचा हट्ट करू देऊ नका.
तिठ्यावर बसच्या आधी बाजार ओलांडावा लागतो. चकाकणारे दगड दाखवत मुलं मागे लागतात. ते स्फटिक आपल्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडतात, पांढरे, हिरवट, फिकट गुलाबी असे असतात. भडक जांभळे-निळे दिसले तर रंग दिलेला समजा. "येताना घेऊ" म्हटलं तर विक्रेता तुमचा चेहरा लक्षात ठेवतो, बरं का. येताना नावाने हाक मारेल.

चकलीवाली
मधेच बोलते. लेण्यांत "गुहा" म्हणून मुलांना नेलंत तर पोपट होतो. आमच्या मुलाला वाटलं होतं आत अस्वल असेल. ठिबकणारं पाणी, लोंबणारे दगड, जमिनीखालची वाट असं पाहिजे असेल तर आंध्रातल्या बेलम किंवा अरकूजवळच्या बोरा गुहा. चुनखडीतल्या, नैसर्गिक. बेलम तीन किलोमीटरहून लांब आहे, त्यातली निम्मी वाट पर्यटकांना खुली. पण आत दमट, श्वास जड होतो, आजींना नको. आपल्याकडे काळा बेसॉल्ट, त्यात तसं काही होत नाही. आपल्याकडे माणसांनी कोरलं.

मधुरा_कोथरूड
परत आलो! कपडे अजून मशीनमध्ये आहेत, पण आधी इथे लिहिते, नाहीतर राहून जाईल.

पहाटे निघालो, वाघोली अंधारातच पार केली. नगरच्या अलीकडे रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकून धाकटीने गाडी थांबवायला लावली. मग त्या चरकाच्या चाकासमोरून ती हलेना, कांडं एका बाजूने जातं आणि दुसऱ्या बाजूने चपटं होऊन येतं हे तिने इतक्या वेळा बघितलं की तिथला माणूसच शेवटी म्हणाला, "नोकरीला लागतेस का?" प्रवरासंगमाला टोक्याच्या देवळात थांबलो. संभाजीनगरकर, सोन्यासारखा सल्ला. सासूबाई घाटावर बसल्या आणि अर्धा तास उठल्या नाहीत.

दौलताबादच्या दरवाज्यात अडकलोच. बाहेर सीताफळवाल्या टोपल्या घेऊन गाड्यांच्या रांगेतून फिरत होत्या, त्यामुळे गाडीत शांतता. बिया मात्र अजून सीटच्या फटीतून निघतायत.

वेरूळला दुपारी कैलासात शिरलो. लेणीवेडा, तुमचं ऐकून कोकसची गोष्ट बाहेर उभं राहूनच सांगितली. थोरल्याचा पहिला प्रश्न: "मग एखादा हत्ती तोडताना तुटला तर दुसरा कुठून आणणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंगणातला मोठा हत्ती, सोंड तुटलेला, त्याच्याजवळ जाऊन "हाच तो" असं त्याने जाहीर करून टाकलं. रामायणाच्या भिंतीशी मात्र धाकटीनेच बाजी मारली. आम्ही सगळे वर बघतोय, आणि तिला खालच्या ओळीत दगड डोक्यावर घेतलेली माकडं बरोबर दिसली. नजरेच्या उंचीचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के.

पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे दुपारचं ऊन थेट आत येतं आणि काळा दगड तांबूस होतो. तो तास चुकवू नका कोणी. रावणापाशी पोचेपर्यंत मात्र दोघांचं लक्ष खारीकडे गेलं होतं. मी दासी पळतेय ते दाखवत होते आणि ते दोघं खार पळतेय ते बघत होते.

१२ नंबरला तीन मजले चढण्यात थोरल्याला भलताच आनंद. शेजारच्या ११ नंबरला दोन ताल, म्हणजे दोन मजली, म्हणतात, कारण १८७६ पर्यंत त्याचा तळमजला गाळात गाडलेला होता, कोणाला माहीतच नव्हता. हे रखवालदाराने सांगितल्यावर आता त्याचं म्हणणं आहे की आमच्या सोसायटीखालीही एक मजला असणार. ३२ पर्यंत पोचलो नाही. धाकटी झोपली. घृष्णेश्वराला सासूबाईंचं दर्शन बुधवारी तासाभरात झालं. मंदिराजवळचं शिवालय तीर्थ आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं! अहिल्याबाईंनी बांधून काढलेलं कुंड, चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या आणि कोनाड्यांत छोटी देवळं. मुलांना तिथे वरूनच दाखवलं, पाण्याजवळ नेलं नाही.

अजिंठा. सासूबाई डोलीत. उचलणाऱ्यांपैकी एकाशी त्यांनी जाता जाता त्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत चौकशी केली. आम्ही १, २, १७ आणि २६ एवढीच केली, आणि तेवढी पुरली. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे सगळे दाटीवाटीने उभे, तिथे मुलांना काही दिसेना. मग गाइडकाका त्यांना एका खांबाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे हरणं किती ते सांगा." वर चार हरणं कोरलीयत, बसलेली, खाली वाकलेली, आणि चौघांना मिळून डोकं एकच! कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. धाकटी एकेका अंगावर हात झाकून (लांबूनच) तपासत होती. तिथून हलवायला बराच वेळ लागला. तिरफळ, शिक्षा वगैरे काही वाटली नाही हो तिला.

दुसऱ्या लेण्यात हारीतीच्या, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या देवीच्या, मूर्तीखाली शाळा कोरलीय. छडी घेतलेले गुरुजी, पुढची मुलं अभ्यासात आणि मागची दंग्यात. थोरला म्हणाला, "आमचाच वर्ग." १७ मध्ये महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट, बघितलं. माकडांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि बाकीची त्याच्या पाठीवरून नदी ओलांडतात. ते मी सांगत असताना धाकटीने विचारलं की त्याला दुखलं का. हो म्हटलं. मग ती काही बोललीच नाही बराच वेळ.

२६ मध्ये निजलेला बुद्ध, सुमारे सात मीटर लांब. तिथे थोरला मूर्तीच्या पायापासून डोक्यापर्यंत पावलं टाकत गेला. खाली शोक करणारे भिक्षू आहेत ते सासूबाईंनी दाखवले. त्या डोलीतून उतरून हळूहळू आत आल्या होत्या.

दौलताबाद राहिलं. कोणालाच ताकद नव्हती.

लेणीवेडा
चार हरणांचा खांब गाइडने दाखवला म्हणजे माणूस कसलेला होता. बरेच जण पद्मपाणी-वज्रपाणी करून बाहेर पडतात. आणि थोरल्याला सांगा, त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे. वेरूळलाच काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत, खांब अर्धे, भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच. पुढच्या वेळी त्याला अजिंठ्याचं २४ दाखवा. तिथे काम थांबलं तेव्हा कुठून कसं खोदत होते ते सरळ वाचता येतं.

तिरफळ
मी माझे शब्द मागे घेते. पण निम्मेच. तुम्ही चारच लेणी केलीत म्हणून जमलं.

अनूची_आई
माकडाला दुखलं का! किती गोड.

पक्या_ठाणे
आम्ही आता पावसाळ्यात जायचं म्हणतोय, मुलगी सहाची. वेरूळला २९ नंबरजवळ धबधबा असतो ना? आणि एका ब्लॉगवर पितळखोरा वाचलं, तेही जोडावं का?

डोंगरदादा
धबधबा असतो, सीतेची न्हाणी म्हणतात तिथे. जोराच्या पावसात त्या बाजूची वाट निसरडी असते, कधी बंदही ठेवतात. लांबून बघा. पावसाळ्यात अजिंठ्याची दरी हिरवीगार असते, लेणापूरच्या बाजूला डोंगरावरून नालाकृती वळण दिसतं ते तर अप्रतिम. पण आत चित्रांच्या लेण्यांत उजेड आणखी कमी.

संभाजीनगरकर
पितळखोरा कन्नडजवळ, गौताळ्याच्या अभयारण्याला लागून. लेणी फार जुनी आणि गर्दी जवळपास शून्य. पण पोचायला दरीत उतरत जाणाऱ्या शेकडो पायऱ्या आहेत, आणि उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. वर दुकान नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. तिथले रखवालदार लोक चांगले आहेत, पण तेही संध्याकाळी लवकर निघतात. सहा वर्षांची मुलगी चालणारी असेल तर सप्टेंबरअखेर जा, पाऊस ओसरलेला असतो आणि ओढ्याला पाणी असतं. जुलैत नको. तिथे तो ओढा लेण्यांच्या तोंडासमोरूनच वाहतो आणि अचानक चढतो. चाळीसगावकडून आलात तर औट्रम घाट लागतो, तो रात्री नको, म्हणून वेरूळकडूनच जा आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागा. आणि पक्याभाऊ, मधमाश्यांची पोळी वर कपारींत असतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

पक्या_ठाणे
बायकोला दाखवलं. सप्टेंबरअखेर ठरलं. अत्तर माझं होतं, ते घरीच राहील.